नाव छापणेबाबत

भाईंदर (पूर्व)
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. दिव्या,

आजीचा आशीर्वाद. अक्षर ओळखीचं वाटणार नाही. ते शेजारच्या भाविकाचं आहे. ती गुजराती, तिचं मराठी शाळेत शिकलेलं, त्यामुळे मी 'न्हाय' म्हटलं की ती 'नाही' लिहिते आणि वर माझ्याकडे असं बघते की जणू मीच चुकले. असू दे. तुझ्या विद्यापीठात हे पत्र कुणी चुकून उघडलं तर शालन महिपत घरत ही बाई शिकलेली वाटेल. तेवढाच माझा फायदा.

फोन असताना पत्र कशाला म्हणशील. तर फोनवर तू विचारतेस, "जेवलीस का?" मी म्हणते, "जेवले." मग कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि आपण दोघी फोन ठेवून देतो. चार वर्षांत मी तुला फक्त जेवल्याचं सांगितलंय. यंत्र नया नगरला दुरुस्तीला नेलं होतं. दुकानदारानं उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "अम्मा, मशीन एकदम ठीक है. आप ही सुनना नहीं चाहतीं." शहाणा माणूस आहे.

भाविकाकडून कळलं की तू आता पूर्ण प्रोफेसर झालीस. मग इतकी वर्षं काय अर्धी होतीस? सोळा वर्षं शिकवतेस, मला वाटलं केव्हाच झाली असशील. आणि कळलं की तेरा डिसेंबरला तुझं मुंबईच्या विद्यापीठात व्याख्यान आहे, रात्री त्यांच्याच पाहुण्यांच्या खोलीत राहणार आहेस, आणि चौदाला सकाळचं विमान. जानेवारीत तर तीन वर्षांसाठी परदेशात शिकवायला जाणार. बाय, मी चौऱ्याऐंशीची आहे. तीन वर्षं हा तुझ्यासाठी आकडा आहे, माझ्यासाठी तो मुक्काम आहे.

तू पाठवलेली सगळी चित्रांची कार्डं मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीत. मला वाचता येत नाही म्हणून तू कोपऱ्यात चित्र काढतेस ते फार बरं. काठमांडूच्या कार्डावर तू उभी राहून भाषण करतेस, समोर सात डोकी, त्यातली चार झोपलेली. ढाक्याच्या कार्डावर वीस डोकी, नऊ झोपलेली. कोलंबोला चाळीस, आणि झोपलेली पाचच. तेव्हाच मी भाविकाला म्हटलं, आमच्या पोरीचं बस्तान बसलं.

तुझा बाप बरा आहे. त्याचं नाव काढलं म्हणून पत्र फाडू नकोस. एक गोष्ट सांगते, ती मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही. त्यानं तुझं पुस्तक विकत आणलंय. त्याच्या मोजणी खात्यातल्या जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे लपवलंय. मागच्या बाजूला तुझा फोटो आहे, म्हणून मी ओळखलं. तो ते काढतो, पहिली दोन-तीन पानं उलटतो, बोट फिरवतो आणि मिटून ठेवतो. पुढे कधी जातच नाही. मला वाटतं इंग्रजी जड आहे.

व्याख्यान झालं की घरी ये. तुझा बाप काही बोलणार नाही, पण दार मी उघडीन. दुसरं म्हणजे, पितळी डब्यात तुझं एक, नको, ते खोड. भाविका, खोडलंस ना?

तुझी आजी

(आजी, मैंने नहीं खोडा. जे बोललात ते लिहिलं. — भाविका)


बुधवार, १२ नोव्हेंबर

चि. दिव्या,

हे अक्षर मात्र तू ओळखशील. शाळेच्या वह्यांवर तुझं नाव ह्याच अक्षरात असायचं.

भाविका सुनेच्या बाळंतपणासाठी राजकोटला गेली. मी तुझ्या बापाला म्हटलं, "सुभाष, बस, एक अर्ज लिहायचाय." तो चष्मा लावून बसला, कोरा कागद घेतला, वर तारीख घातली. मग मी म्हटलं, "चिरंजीव दिव्या." त्यानं पेनाला टोपण लावलं.

"आई, मी लिहिणार नाही."

"मग मी गच्चीवर जाते आणि ओरडून सांगते. दिल्लीला नाही पोचलं तरी बी विंगला पोचेल."

तेव्हा बसला. आता समोर आहे, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. हेही लिही, सुभाष. मी बोलते ते सगळं लिहायचं. शिंक आली तर शिंकसुद्धा.

हा दुसरा कागद आहे बरं का. पहिल्यावर मी बराच वेळ बोलले आणि पाहिलं तर दोनच ओळी. म्हटलं, वाच. त्यानं वाचलं, "आईची तब्येत ठीक आहे. इकडे सर्व क्षेम." मी एवढं घसा कोरडा करून बोलले आणि कागदावर काय, तर माझी तब्येत. मला अक्षर कळत नाही, पण लांबी कळते. तुझे आजोबा मिठागरात मिठाच्या राशी नुसत्या नजरेनं मोजायचे, मी त्यांची बायको आहे.

तुला आठवतं, तू एकदा मला तुझा अभ्यास समजावून सांगितला होतास? दोन देश भांडतात, बोलणं बंद होतं, मग तिसरा एक लहानसा देश मधे बसतो आणि ह्याचं त्याला, त्याचं ह्याला सांगतो. त्यावर तू डॉक्टर झालीस. मी तेव्हाच म्हणाले होते, एवढ्यासाठी दिल्लीला कशाला गेलीस? माझी सासू आणि माझी मोठी जाऊ सात वर्षं बोलत नव्हत्या. एकाच चुलीवर दोघींचा स्वयंपाक. सासू मांजरीला सांगायची, "मने, कालवणात मीठ कमी झालंय गं." जाऊ मांजरीलाच म्हणायची, "मने, हात आहेत ना, घे म्हणावं." मांजर म्हातारी होऊन मेली तेव्हा दोघी तिसऱ्या दिवशी बोलायला लागल्या. मांजरच उरली नाही, काय करणार.

आपल्यात म्हणतात ना, लेकी बोले सुने लागे. बोलायचं एकीला, लागायला हवं दुसरीला. तुझं परराष्ट्र धोरण एवढंच. सुभाष, लिहितोस ना? चांगलं.

तर आता मी तुला सांगते, आणि लागायचं त्याला लागेल. चार वर्षांपूर्वी तू टीव्हीवर जे बोललीस ते मी ऐकलं होतं. तेव्हा मला यंत्राची गरज नव्हती. तू म्हणालीस, समुद्रावर रेषा दिसत नाही, म्हणून चुकून पलीकडे गेलेल्या मच्छीमाराला दोन्ही देशांनी घरी पाठवावं, आणि शेजाऱ्याशी बोलणं बंद करू नये. कुणी तरी त्यातलं पुढचं मागचं कापलं, आणि 'रेषा दिसत नाही' एवढंच सोसायटीच्या ग्रुपवर फिरलं. धर्मेश सी विंगवाला लिफ्टमध्ये म्हणाला, "सुभाषभाई, तुमची मुलगी देशाची बॉर्डरच मानत नाही काय?" तुझा बाप तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मग त्यानं त्या ग्रुपवर लिहिलं, 'माझ्या मुलीच्या मतांशी माझा संबंध नाही.' गणपतीला तू आलीस, तू त्याला विचारलंस, तो म्हणाला, "मला इथं राहायचंय, तुला नाही." तू गौरी जेवायच्या आधी निघून गेलीस.

पण तुला एक सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात तारोडीची ब्रिजिता मासे घेऊन आली. तिचा भाऊ तीन वर्षं पलीकडच्या तुरुंगात होता. मला म्हणाली, "आये, तुजी नात खरा बोल्ली," आणि बोंबलांचा वाटा दुप्पट घातला. मी ते तळले. तुझ्या बापानं चार खाल्ले आणि विचारलं, "आज बोंबील बरे मिळाले?" मी म्हटलं, "हो, स्वस्त होते."

आता तो थांबलाय. बोंबलांचं त्याला ठाऊक नव्हतं.

तेराला घरी ये. हे मी म्हणतेय. तो लिहितोय. त्याला काय वाटतं ते तो पुसून टाकतो की लिहितो, मला कळायचं नाही.

तुझी आजी


रविवार, २३ नोव्हेंबर

चि. दिव्या,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. ह्या वेळी डोकी नाहीत, नुसता एक हात, हातात पेन, आणि वर मिशी. मी सुभाषला दाखवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ही माझी मिशी नाही." मग आरशात जाऊन आला. संध्याकाळी कार्ड कपाटाच्या दारावर चिकटवलेलं होतं. मी नव्हतं चिकटवलं.

आज जे सांगायचंय ते मी तीनदा टाळलंय. भाविकासमोर सांगवेना, घरातली गोष्ट. आता लिहिणारा घरातलाच आहे, आणि तिथंच तर खरी अडचण आहे. हे पत्र तुला आठवड्यानं कळेल, त्याला आत्ता कळणार. म्हणून सुभाष, आधीच सांगते. पेन ठेवायचं नाही. रागव, पण लिहीत राहा.

तू गेलीस त्या साली दिवाळीनंतर तुझ्या बापाच्या छातीत दुखलं. जाळी घातली त्याच्या हृदयाच्या नळीत. त्यानं शपथ घातली, दिव्याला कळवायचं नाही. मी कळवलं नाही. तुला दोन महिन्यांनी भाविकाकडून कळलं, ती पहिली चूक. ती तुला ठाऊक आहे आणि तू मला माफ केलंयस, निदान फोनवर तरी.

दुसरी तुला ठाऊक नाही. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दोन महिने ह्यांना कसलाही धक्का नको, घरात वाद नको, टीव्ही नको. आणि तो घरी येऊन आठ दिवस झाले असतील, पोस्टमन आला. जाड पाकीट. मला म्हणाला, "आजी, सुभाष घरतांचं आहे, दिल्लीहून." हा आत झोपलेला.

मी पाकीट हातात घेऊन उभी राहिले. दिल्लीहून म्हणजे तूच. पण आत काय आहे? माझ्यासाठी असतं तर कोपऱ्यात चित्र असतं, मला कळलं असतं हसतेस की रडतेस. ह्याच्यावर नुसती अक्षरं. रागाची आणि मायेची अक्षरं दिसायला सारखीच असतात गं. मी ते उन्हात धरलं, वास घेतला, दाबून पाहिलं. वाचता येणाऱ्या माणसाला हे कळणार नाही. मला वाटलं, ही पोरगी तिच्या बापासारखी, राग आला की मुद्देसूद बोलते. ह्यात मुद्दे असतील. आणि ह्याची छाती अजून ओली आहे.

कुणाकडून वाचून घेता आलं असतं. भाविका होती. पण बापलेकीचं भांडण तिसऱ्या घरात उघडायचं? मी ते पितळी डब्यात ठेवलं, माझ्या लग्नातल्या. म्हटलं, दोन महिने झाले की देईन.

दोन महिने झाले. मग म्हटलं, आता विचारेल की दोन महिने कुठे होतं. संक्रांतीनंतर देऊ. मग शिमगा. मग गणपती. जितके दिवस जात गेले तितकं ते पाकीट जड होत गेलं. देणं म्हणजे आधी कबूल करणं. आणि मी तोंडाची एवढी मोकळी, पण हे तोंडातून निघेना. चार वर्षं झाली, बाय. तुझं पत्र माझ्या डब्यात आहे, आणि त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही.

तुला वाटत असेल, बापानं वाचून उत्तर दिलं नाही. त्याला वाटत असेल, लेकीनं आजारपणातसुद्धा साधी ओळ धाडली नाही. दोघं ज्याच्यावर रागावलात ते माझ्या डब्यात आहे.

सुभाष, पेन ठेवू नकोस म्हटलं होतं मी.

सुभाष.

डबा माझ्या कपाटात, खालच्या फळीवर, लुगड्यांच्या

(आई काल इथपर्यंत बोलली. पुढे लिहिणे झाले नाही. पत्र आहे तसे टाकतो. — सु. म. घ., २४/११)


गुरुवार, २७ नोव्हेंबर

चि. दिव्या,

अर्ध्या पत्रानं तुझा जीव टांगणीला लागला असेल, म्हणून हे लगेच. तुझा बाप ठीक आहे. डॉक्टरनं सांगितलेला धक्का बसला आणि काही झालं नाही. चार वर्षांपूर्वीही काही झालं नसतं. आता हे मला कळून काय उपयोग.

तो उठला, डबा काढला, पाकीट घेतलं आणि खिडकीशी बसला. मी मोरीजवळ उभी, अंघोळ न केलेल्या पोरासारखी. त्यानं पाकीट कात्रीनं कापलं, सरकारी माणूस, फाडणार नाही. आतून एक पत्र निघालं आणि एक छापलेलं पान. पान त्यानं पाहिलं आणि चष्मा काढला. मला तेव्हा वाटलं, झालं. मुद्देच आहेत.

मी म्हटलं, "काय लिहिलंय?"

तो पान उलटंसुलटं करून बघत राहिला.

"सुभाष, चार वर्षं मी न वाचता ठेवलंय. आता तरी सांग."

मग त्यानं वाचून दाखवलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा त्याचा आवाज मधेच गेला आणि मी यंत्राला दोष दिला.

तू लिहिलं होतंस की पुस्तक छापायला चाललंय. सगळ्यात पहिल्या पानावर नाव घालायचंय, ज्याला पुस्तक द्यायचं त्याचं. पान सोबत जोडलंय. त्यावर होतं, 'माझे बाबा सुभाष महिपत घरत यांना, ज्यांनी मिठागराच्या बांधावर उभं राहून सांगितलं की रेषा नकाशावर असते, पाण्यावर नसते.' आणि खाली तू विचारलं होतंस, बाबा, हे नाव छापू का? तुमच्या सोसायटीत लोक बघतील. नको असेल तर तसं कळवा. काहीच कळवलं नाहीत तर नको समजेन आणि काढून टाकीन.

चार वर्षं मी ज्याला भीत होते ते हे होतं.

मग तो बोलायला लागला. इतका तर तो तुझी आई जिवंत होती तेव्हाही बोलायचा नाही. म्हणाला, "आई, ही आठ वर्षांची होती. आपल्या आगराची मोजणी होती, मी हिला बरोबर नेलं होतं. भरती आली आणि बांधातल्या उघाडीच्या झडपेतून पाणी आत शिरलं, आपलं आणि शेजाऱ्याचं आगर एक झालं. ही विचारायला लागली, बाबा, आता आपली हद्द कुठे गेली? मी म्हटलं, रेषा नकाशावर असते, पाण्यावर नसते. पाणी उतरेपर्यंत थांबायचं आणि शेजाऱ्याशी बोलत राहायचं." मी विचारलं, मग टीव्हीवर तिनं हेच सांगितलं? म्हणाला, "हेच. शब्दसुद्धा माझे. आणि मी लिहिलं की माझा संबंध नाही."

आणि तुझं पुस्तक. ते इंग्रजी जड नव्हतंच गं. पुस्तकात पुढे नाव असतं हे त्याला माहीत होतं. तो दर वेळी पहिली पानं उघडून बघायचा की कुणाचं नाव आहे. कुणाचंच नव्हतं. तो म्हणाला, "मला वाटलं, हिनं मला कोरं ठेवलंय." इतके दिवस तो त्या कोऱ्या पानावर बोट फिरवत होता, आणि ते पान मी कोरं केलं होतं.

मी म्हटलं, "सुभाष, मला काय बोलायचं ते बोल."

तो म्हणाला, "तुला काय बोलू? तू तरी पाकीट जपून ठेवलंस. मी तर एकदाही फोन केला नाही."

मग त्यानं चहा केला. साखर विसरला. मी तक्रार केली नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच.

आता मी गप्प बसते. खाली त्याला त्याचं लिहायचंय. म्हणतो, "आई, तू बाहेर जा." मी म्हटलं, "मला कुठे वाचता येतंय?" तरी म्हणाला, जा. म्हणून जातेय.

तुझी आजी


संदर्भ : तुझे पत्र, दि. ९ डिसेंबर २०२१.
विषय : नाव छापणेबाबत.

चि. दिव्या,

वरील संदर्भित पत्र मला दि. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी प्राप्त झाले. त्यातील प्रश्नाचे उत्तर खालीलप्रमाणे.

१. हो.
२. नाव पूर्ण लिहावे. सुभाष महिपत घरत. वडिलांचे नाव वगळू नये, आगर त्यांचे होते.
३. पुस्तकाची पुढील आवृत्ती निघणार नसल्यास हातातल्या प्रतीवर पेनाने लिहून दिले तरी चालेल.

उत्तरास चार वर्षांचा विलंब झाला. त्यापैकी थोडा आईचा आहे, बाकी सर्व माझा. सोसायटीच्या ग्रुपवर मी जे लिहिले ते भीतीने लिहिले. ते खरे नव्हते.

व्याख्यानाला कुटुंबीयांना प्रवेश असल्यास कळव. नसल्यास मी बाहेर बाकावर बसेन.

बाबा


भाईंदर
सोमवार, १५ डिसेंबर

प्रिय भाविका,

नातवाचा जन्म झाल्याचं कळलं. पेढे आल्यावर खाईन, तोवर तोंडी आशीर्वाद. हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. हे आमच्या प्रोफेसरबाईंचं. माझ्या पलंगावर मांडी घालून बसलीय आणि मी सांगते ते लिहितेय. विमानाचं तिकीट पुढे ढकललंय, गुरुवारपर्यंत इथंच आहे.

तू नव्हतीस, म्हणून पहिल्यापासून सांगते. सुभाषनं दहा तारखेला खाली फलकावर कागद लावला. पाण्याची टाकी धुण्याच्या नोटिशीशेजारी. नकाशावर नावं घालायचा ना, तसल्या टपोऱ्या अक्षरात. वॉचमननं मला वाचून दाखवलं, 'माझी मुलगी प्रा. डॉ. दिव्या सुभाष घरत हिचे व्याख्यान. विषय, शेजारी देशांशी संवाद. इच्छुकांनी यावे.' धर्मेश लिफ्टमध्ये भेटला. मला म्हणाला, "आजी, हे काय नवीन?" मी म्हटलं, "नवीन काही नाही, जुनंच पत्र उशिरा मिळालं." तो बिचारा अजून विचार करतोय.

शनिवारी आम्ही गाडी करून गेलो. सुभाषनं आठ वर्षांपूर्वीचा कोट घातला, त्याचं एक बटण हरवलेलं. त्याला आत प्रवेश होता, बाकावर बसावं लागलं नाही. तिसऱ्या रांगेत आम्हाला बसवलं. दिव्या वर उभी राहिली, आमच्याकडे पाहिलं, आणि पाणी प्यायली. मग पुन्हा पाणी प्यायली. मला वाटलं, आता बोलते की नुसतं पाणीच पिते.

व्याख्यान इंग्रजीत. मला काय कळणार? मी डोकी मोजली. शंभरावर होती, भाविका. झोपलेली फक्त दोन. एक दाढीवाले म्हातारे, आणि दुसरी मी, तेही थोडाच वेळ, कारण खोली गार होती. दिव्या म्हणते हे लिहायला नको. लिही गं, खरं आहे ते.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. पोरं माईक घेऊन इंग्रजीत काय काय विचारत होती. आणि माझ्या शेजारी हालचाल झाली. बघते तर सुभाष उभा. म्हटलं, ह्यानं आत्तापर्यंत नीट चाललेलं बिघडवलं तर?

त्यानं माईक हातात घेतला आणि मराठीत म्हणाला, "मॅडम, तुम्ही पडद्यावर जो समुद्राचा नकाशा दाखवलात, त्याच्याखाली प्रमाण दिलेलं नाही. एक सेंटिमीटर म्हणजे किती किलोमीटर, ते लिहिलेलं नाही. प्रमाण नसलेला नकाशा म्हणजे नुसतं चित्र."

पुढच्या रांगेतले साहेब मागे वळून बघायला लागले.

दिव्यानं पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, तीही मराठीत, "चूक माझी. दुरुस्त करते, बाबा."

त्या 'बाबा'वर दोन-तीन लोक हसले, मग बरेच हसले, मग कुणी तरी टाळ्या वाजवल्या. सुभाष खाली बसला. मला म्हणाला, "प्रमाण खरंच नव्हतं, आई." मी म्हटलं, "हो रे बाबा, नव्हतं."

बाहेर आल्यावर त्यानं कोटातून पुस्तक काढलं. नकाशांमागे लपवलेलं तेच. पहिलं पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि खिशातलं पेन दिलं. तिनं तिथं उभ्या उभ्या लिहिलं. किती लिहिलं विचारू नकोस, ते कोरं पान पुरलं नाही, बाजूनंही लिहिलं. सुभाष म्हणाला, "आजोबांचं नाव?" तिनं बोट ठेवून दाखवलं. मग तिघं गाडीत बसलो, आणि मीरा रोड येईपर्यंत सुभाष शाई वाळायला पुस्तक उघडं धरून बसला होता. तिथं सिग्नलला दिव्या म्हणाली, "आजी, जेवलीस का?" आम्ही तिघंही इतके हसलो की ड्रायव्हरनं विचारलं, "क्या हुआ, साब?"

जानेवारीत ती जाणार ती जाणारच. तीन वर्षं. मी तिला सांगितलंय, आता दोन दोन कार्डं पाठवायची. एक डोक्यांचं, माझं. एक अक्षरांचं, त्याचं. पोस्टमननं दोन्ही माझ्याच हातात दिली तरी काळजी नको. पितळी डब्यात आता सुया, दोरे आणि बटणं आहेत, पाकिटाला जागाच नाही. त्या कोटाचं बटणही त्यातच सापडलं.

भाविका, एक गंमत सांगून संपवते. मी आत्ता शेवटची दोन वाक्यं बोलले, आणि ही पोरगी कागदावर पाच ओळी लिहून बसलीय. सुभाष मागे उभा राहून वाचतोय आणि नाक शिंकरतोय. काय लिहिलंय म्हणून मी विचारणार नाही. ज्याचं आहे त्याला मिळालं.

तुझी,
शालन